जुनी बेसबॉल कार्डे जमवताना: खेळाडूपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

गमच्या पुड्यांतून बेसबॉल खेळाडूंची चित्रे असलेली कार्डे देणाऱ्या टॉप्स या अमेरिकी कंपनीच्या १९५२ सालच्या संचातील पहिल्या क्रमांकाचे कार्ड ब्रुकलिन डॉजर्स संघाच्या अँडी पाफ्कोचे आहे. पाफ्को चांगला आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या भागातला क्षेत्ररक्षक होता, पण कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील थोरांच्या मानदालनात त्याला स्थान मिळालेले नाही. तरीही त्याचे हे कार्ड स्वच्छ, धारदार कोपऱ्यांसह मिळाले, तर त्याच संचातील कितीतरी नामवंतांच्या कार्डांपेक्षा ते महाग पडते. त्या काळी मुले कार्डे क्रमाने लावून, रबरबँडने बांधून खिशात ठेवत. गठ्ठ्यात सगळ्यात वर पाफ्को असे, म्हणून रबराचा काच, खिशातली धूळ आणि बोटांची घासट आधी त्याच्याच वाट्याला येई. परिणामी बिनडागी पाफ्को फारच थोडे उरले.

खेळाडूचे मोठेपण, कार्डाची दुर्मिळता आणि कार्डाची अवस्था या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि किंमत या तिन्हींच्या मिलाफातून ठरते. नवा संग्राहक त्यांची गल्लत करतो आणि तिथेच त्याचे पैसे जातात. माझे मत असे आहे की सुरुवात खेळाडूपासून करावी, दुर्मिळता हळूहळू समजून घ्यावी आणि अवस्थेच्या बाबतीत स्वतःच्या खिशाला परवडेल तिथे ठामपणे थांबावे.

आधी क्षेत्र आखून घ्या

‘जुनी कार्डे जमवतो’ एवढेच ठरवून बाजारात उतरणारा माणूस वर्षभरात पन्नास असंबद्ध कार्डे घेऊन बसतो. म्हणून पहिला रुपया किंवा पहिला डॉलर खर्च करण्यापूर्वी मर्यादा लिहून काढावी. एक खेळाडू आणि त्याची कारकिर्दीतील सर्व कार्डे, एखाद्या संघाचे एकच वर्ष, एखाद्या संचातील केवळ हॉल ऑफ फेममधले खेळाडू, किंवा पूर्ण संच, असे चार मार्ग प्रचलित आहेत. पूर्ण संचाच्या मार्गाला नवख्याने लगेच जाऊ नये. १९५२ च्या टॉप्स संचात ४०७ कार्डे आहेत आणि त्यातली शेवटची ९७ इतकी दुर्मिळ आहेत की अनेकांचा संच आयुष्यभर ३१० वरच थांबतो.

त्या ९७ कार्डांमागचे कारण समजून घेतले की पुढच्या वीस वर्षांतल्या टॉप्सचे गणित उलगडते. १९७३ पर्यंत टॉप्सची कार्डे एकदम न येता मालिकांनी येत असत. वसंत ऋतूत पहिली मालिका, मग दुसरी, असे करत शेवटची मालिका मोसम सरताना दुकानात पोहोचे. तोवर मुलांचे लक्ष अमेरिकन फुटबॉलकडे वळलेले असे आणि दुकानदार कमी माल मागवत. म्हणून वरचे क्रमांक कमी विकले गेले आणि कमी उरले. १९५२ च्या न खपलेल्या मालाचे तर असे झाले की संचाचे जनक साय बर्गर यांनी १९६० मध्ये तो न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून आत नेऊन अटलांटिक महासागरात टाकून दिला. याच वरच्या मालिकेत ३११ क्रमांकावर न्यूयॉर्क यँकीजचा नामवंत खेळाडू मिकी मँटल आहे. त्याचे जवळपास निर्दोष राहिलेले एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. बहुतेक लोक ते मँटलचे पदार्पणाचे कार्ड समजतात. तसे ते नाही. त्याचे पदार्पणाचे कार्ड टॉप्सची प्रतिस्पर्धी कंपनी बोमन हिच्या १९५१ च्या संचातले, २५३ क्रमांकाचे आहे. शिवाय ३११ ते ३१३ म्हणजे मँटल, जॅकी रॉबिन्सन आणि बॉबी थॉमसन यांची कार्डे त्या मालिकेतील इतरांच्या दुप्पट छापली गेली होती. एवढी किंमत येते ती मँटलच्या नावाला आणि कार्डाच्या अवस्थेला.

कालखंड आणि सांकेतिक नावे

जुन्या कार्डांना ‘टी-२०६’, ‘ई-९८’, ‘एन-१७२’ अशी नावे असतात. ती कंपन्यांनी दिलेली नाहीत. सिराक्यूजचे जेफरसन बर्डिक यांनी अमेरिकेतील छापील कार्डांची सूची तयार केली आणि प्रत्येक प्रकाराला अक्षर दिले: एन म्हणजे एकोणिसाव्या शतकातील तंबाखूची कार्डे, टी म्हणजे विसाव्या शतकातील तंबाखूची, ई म्हणजे त्या शतकाच्या सुरुवातीची मिठाई आणि कॅरामेलची, आर म्हणजे त्यानंतरची च्युइंगगमची. त्यांनी स्वतःचा तीन लाखांहून अधिक नगांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला. ही चार अक्षरे पाठ झाली की लिलावाची पुस्तिका वाचता येते.

टी-२०६ हा संच अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून दिला. कार्ड लहानसे, सुमारे ३७ मिलिमीटर रुंद आणि ६७ मिलिमीटर उंच. मागच्या बाजूस सिगारेटच्या छापाची जाहिरात असते. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल या जाहिराती सर्रास आढळतात, तर ड्रम किंवा उझिट असलेली पाठ दुर्मिळ असते. एकाच चित्राची किंमत पाठीवरून कित्येक पटींनी बदलते, त्यामुळे टी-२०६ घेताना पाठीचे छायाचित्र न दाखवणाऱ्याशी व्यवहार करू नये. याच संचात होनस वॅग्नरचे जगप्रसिद्ध कार्ड आहे, ज्याच्या साधारण पन्नास ते साठ प्रतीच ज्ञात आहेत. वॅग्नरने छपाई थांबवायला लावली हे खरे. मुलांनी तंबाखूची पाकिटे घेऊ नयेत म्हणून असे एक मत आहे, तर मानधनावरून असे दुसरे. आपल्यासाठी महत्त्वाचे हे की वॅग्नर सोडूनही हा संच समृद्ध आहे. टाय कॉबची चार निरनिराळी चित्रे, क्रिस्टी मॅथ्यूसन, वॉल्टर जॉन्सन आणि साय यंग यात आहेत. अप्रसिद्ध खेळाडूचे झिजलेले टी-२०६ आजही सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात येते आणि शंभर वर्षांहून जुना कागद हातात धरण्याचा तो सर्वांत सुलभ मार्ग आहे.

त्यानंतर १९१४ आणि १९१५ मधली, क्रॅकर जॅक या खाऊबरोबर मिळणारी लाल पार्श्वभूमीची कार्डे येतात. १९१४ ची कार्डे पाकाच्या खाऊबरोबर डब्यात असल्यामुळे डागाळलेली मिळतात, तर १९१५ चा संच टपालानेही मागवता येत असल्याने ती तुलनेने स्वच्छ आहेत. पाठ चित्राच्या तुलनेत उलटी छापलेली असेल, तर कार्ड १९१५ चे समजावे. १९१९ च्या वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेतील सामनेनिश्चितीच्या प्रकरणानंतर कायमचा बाद ठरवला गेलेला ‘शूलेस’ जो जॅक्सन दोन्ही वर्षी १०३ क्रमांकावर आहे.

गूडी या गम कंपनीचा १९३३ चा २४० कार्डांचा संच बेब रूथमुळे ओळखला जातो. ५३, १४४, १४९ आणि १८१ या चार क्रमांकांवर रूथ आहे. यात १०६ क्रमांक त्या वर्षी छापलाच नव्हता. मुलांनी तो शोधत गमच्या पुड्या घेत राहाव्यात असा उद्देश त्यामागे असावा, हे उघड आहे. तक्रारीची पत्रे लिहिणाऱ्यांना १९३४ मध्ये नॅप लाझवेचे ते कार्ड पाठवण्यात आले.

खेळाडूचे कार्ड कुठे असेल आणि कुठे नसेल

एकाच खेळाडूची कार्डे जमवणाऱ्याने प्रथम त्याच्या कारकिर्दीची वर्षे आणि कंपन्यांचे करार शेजारी मांडून तक्ता करावा. हा तक्ता नसल्यामुळे अस्तित्वातच नसलेले कार्ड शोधण्यात महिने गेलेले मी पाहिले आहेत. मँटल १९५४ आणि १९५५ च्या टॉप्स संचांत नाही, कारण तेव्हा तो बोमनशी बांधील होता. १९५६ मध्ये टॉप्सने बोमन विकत घेतली आणि तो परतला. टेड विल्यम्स १९५४ मध्ये टॉप्सकडे गेला. त्या संचाचे पहिले आणि शेवटचे, २५० वे, अशी दोन्ही कार्डे त्याची आहेत, तर त्याच वर्षीच्या बोमनमधले त्याचे ६६ क्रमांकाचे कार्ड मागे घ्यावे लागले आणि म्हणून ते आज दुर्मिळ आहे. स्टॅन म्यूझियल टॉप्समध्ये १९५८ पूर्वी दिसत नाही. जो डिमॅजिओ १९५१ मध्ये निवृत्त झाल्यामुळे १९५२ च्या टॉप्समध्ये त्याला शोधणे व्यर्थ आहे. त्याच्यासाठी १९३९ ते १९४१ च्या प्ले बॉल संचांकडे वळावे.

याहून मोठी पोकळी वर्णभेदाने निर्माण केलेली आहे. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला, तोपर्यंत कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगचे, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेचे दरवाजे बंद होते आणि म्हणून तंबाखू व गमच्या या प्रसिद्ध संचांतही त्यांना जागा नव्हती. सॅचेल पेज हा त्या काळातील सर्वश्रेष्ठ पिचरांपैकी, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांपैकी एक. त्याची मुख्य अमेरिकी कार्डे तो चाळिशीत पोहोचल्यावर, १९४९ च्या सुमारास येऊ लागली आणि १९५३ च्या टॉप्स कार्डावर त्याच्या नावाचे स्पेलिंगही चुकले. जॉश गिब्सन १९४७ च्या जानेवारीतच वारला. त्याचे चित्र असलेले प्रसिद्ध जुने कार्ड प्यूर्तो रिकोतील तोलेतेरोस संचात सापडते. रॉबिन्सन, पेज, लॅरी डोबी, मॉन्टे इर्विन यांची १९४९ ते १९५६ मधली कार्डे एकत्र ठेवली, तर दारे कशी आणि किती उशिरा उघडली याचा पुरावाच समोर उभा राहतो. मला विचाराल, तर मर्यादित पैशांत उभा राहणारा याहून अर्थपूर्ण संग्रह दुसरा नाही.

रॉबर्टो क्लेमेंटेचे उदाहरणही असेच आहे. प्यूर्तो रिकोच्या या खेळाडूचे पदार्पणाचे कार्ड १९५५ चे, १६४ क्रमांकाचे. त्यावर नाव ‘रॉबर्टो’ आहे. १९५७ पासून मात्र अनेक वर्षे टॉप्सने ते ‘बॉब’ असे छापले, जे त्याला स्वतःला मान्य नव्हते. १९७२ च्या मोसमात त्याने बरोबर ३,००० हिट (चेंडू टोलवून सुखरूप तळ गाठण्याच्या खेळी) पूर्ण केले आणि ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेणारे त्याचे विमान कोसळले. १९७३ चे ५० क्रमांकाचे कार्ड त्याच्या मृत्यूनंतर बाजारात आले. या दोन टोकांमधील कार्डे क्रमाने लावताना केवळ नावाच्या छपाईकडे पाहत जावे.

पाठीवरचे आकडे वाचताना क्रिकेटच्या सवयीने आपली फसगत होऊ शकते. बेसबॉलमधील बॅटिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे धावांची सरासरी नव्हे, तर अधिकृत संधींपैकी किती वेळा हिट मिळाला याचे प्रमाण असते. ०.३०० म्हणजे उत्तम बॅटर. टेड विल्यम्सने १९४१ मध्ये गाठलेला ०.४०६ हा आकडा किती विलक्षण होता, हे या मापानेच कळते. हँक एरनच्या १९५४ च्या १२८ क्रमांकाच्या पदार्पणाच्या कार्डापासून १९७४ च्या पहिल्या क्रमांकाच्या कार्डापर्यंत पाठी वाचत जाव्यात. शेवटच्या कार्डावर त्याला होमरनचा (एकाच टोल्यावर चारही तळ फिरून येण्याचा) नवा सम्राट म्हटले आहे, पण ते छापले गेले तेव्हा तो ७१३ वर होता. बेब रूथचा ७१४ चा विक्रम त्याने ८ एप्रिल १९७४ रोजी मोडला. १९५७ च्या कार्डावर मात्र निगेटिव्ह उलटी छापली गेल्यामुळे उजव्या हाताचा एरन डावखुरा दिसतो. सर्वच प्रती तशाच असल्याने या चुकीला ‘दुर्मिळ’ म्हणून जादा पैसे मागणाऱ्याला नकार द्यावा.

अवस्था तपासण्याची पद्धत

कार्ड हातात आल्यावर आधी कोपरे, मग कडा, मग पृष्ठभाग आणि शेवटी चारही बाजूंचे समास पाहावेत. हा क्रम नेहमी एकच ठेवावा, म्हणजे काही सुटत नाही. कोपरे भिंगाखाली पाहिल्याशिवाय ‘धारदार’ म्हणू नयेत. पृष्ठभागासाठी कार्ड दिव्याखाली तिरपे करून हळूहळू फिरवावे. समोरून न दिसणारी बारीक चुणी तिरप्या उजेडात रेषेसारखी चमकते. समास समान नसतील, म्हणजे चित्र एका बाजूला सरकलेले असेल, तर किंमत बरीच उतरते. १९७१ च्या टॉप्सला काळ्या कडा आहेत आणि त्यांचा रंग स्पर्शानेही उडतो, १९६२ च्या लाकडासारख्या दिसणाऱ्या कडाही तशाच नाजूक आहेत. त्यामुळे अवस्थेचा अंदाज संच पाहून करावा लागतो.

प्रतवारी करणाऱ्या संस्थांपैकी पीएसए १९९१ पासून, एसजीसी १९९८ पासून आणि बेकेट १९९९ पासून काम करतात. त्या १ ते १० असा दर्जा देऊन कार्ड प्लॅस्टिकच्या सीलबंद कवचात, म्हणजे स्लॅबमध्ये ठेवतात. एकट्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. दर्जा ३ असलेली दोन कार्डे शेजारी ठेवली, तर एकाच्या चेहऱ्यावरून चुणी गेलेली असते आणि दुसऱ्याचे केवळ कोपरे गोलावलेले असतात. किंमत जवळपास सारखी असेल, तर दुसरे घ्यावे. नावाजलेल्या खेळाडूचे १ किंवा २ दर्जाचे, पण चित्र स्वच्छ असलेले अस्सल कार्ड मी नेहमीच पसंत करतो.

बनावट आणि छेडछाड

येथे घाई करू नये. पुनर्मुद्रण, उघड बनावट आणि अस्सल कार्डाशी केलेली छेडछाड हे तीन वेगळे धोके आहेत.

पुनर्मुद्रण ओळखणे बहुधा सोपे असते. टॉप्सने स्वतःच १९८३ मध्ये १९५२ चा संच पुन्हा छापला, पण ती कार्डे अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच, म्हणजे १९५७ पासूनच्या प्रचलित मापाची आहेत. मूळ कार्ड सुमारे ६७ मिलिमीटर रुंद आणि ९५ मिलिमीटर उंच असते. साध्या पट्टीने निकाल लागतो. मात्र विक्रेता माप न देता लांबून काढलेले छायाचित्र दाखवत असेल, तर माप मागून घ्यावे.

बनावटीसाठी दहापट मोठे करून दाखवणारे भिंग आणि अतिनील किरणांचा छोटा दिवा जवळ असावा. विसाव्या शतकाच्या मध्यावरील बहुतेक कार्डांत छायाचित्राचा भाग बारीक ठिपक्यांनी बनलेला असतो, पण काळी अक्षरे आणि रेषा सलग शाईच्या असतात. अस्सल कार्डाचे छायाचित्र काढून पुन्हा छापले की अक्षरेही ठिपक्यांत फुटतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कागदात चकाकी आणणारी आधुनिक रसायने नसत, म्हणून टी-२०६ म्हणून विकलेले कार्ड अतिनील प्रकाशात निळसर पांढरे उजळले, तर ते परत करावे. न उजळणे मात्र अस्सलपणाची हमी नव्हे, कारण बनावट करणारे जुना कोरा कागदही वापरतात. या सर्वांहून विश्वासू साधन म्हणजे त्याच संचातील एखादे स्वस्त, झिजलेले, पण निःसंशय अस्सल कार्ड. महागड्या खरेदीपूर्वी असे एक कार्ड घ्यावे आणि जाडी, कागदाचा पोत, पाठीचा रंग यांची त्याच्याशी तुलना करावी. मी कोणत्याही नव्या संचात याच पद्धतीने शिरतो.

छेडछाडीत सर्वांत घातक प्रकार म्हणजे कडा तासून झिजलेले कोपरे पुन्हा धारदार करणे. मी सुरुवातीच्या काळात १९५६ चे जॅकी रॉबिन्सनचे, त्याचे शेवटचे टॉप्स कार्ड एका विक्रेत्याकडून स्लॅबशिवाय घेतले. कोपरे पाहून मी हरखलो आणि पट्टी लावली नाही. घरी आल्यावर दुसऱ्या १९५६ च्या कार्डावर ठेवले, तेव्हा एक कड जवळपास एक मिलिमीटरने कमी भरली. पैसे परत मिळाले नाहीत. ते कार्ड आजही माझ्याकडे आहे आणि नव्या संग्राहकांना दाखवण्यासाठी मी ते वापरतो. मोठमोठे लोकही यात फसले आहेत: पीएसएने सर्वप्रथम प्रतवारी केलेले वॅग्नरचे कार्ड, जे एकेकाळी आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकीच्या सहमालकीचे होते, कडा तासलेले असल्याची कबुली लिलावगृहाचे चालक बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयीन कारवाईत दिली.

खरेदीचा क्रम

मागितलेली किंमत पाहून भाव ठरवू नये, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या नोंदी पाहाव्यात. त्याच दर्जाच्या आणि त्याच पाठीच्या किमान पाच अलीकडच्या विक्री मिळाल्याशिवाय आकडा मनात आणू नये. लिलावात बोलीवर खरेदीदाराचे शुल्क लागते, ते अनेक ठिकाणी वीस टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून शुल्कासह कमाल रक्कम आधी कागदावर लिहावी आणि बोली तिथेच थांबवावी. स्लॅबवरील क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासून तेथील छायाचित्राशी कार्ड जुळवावे, कारण आता स्लॅबही बनावट निघतात.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी कार्डांच्या प्रदर्शनांना आवर्जून जावे. १९८० पासून भरणारे राष्ट्रीय संमेलन सर्वांत मोठे, पण गावोगावच्या लहान प्रदर्शनांत वृद्ध विक्रेत्यांशी निवांत बोलता येते आणि कार्ड प्रत्यक्ष हाताळता येते. भारतात राहून खरेदी करणाऱ्यांनी सुरुवातीला स्लॅबमधील कार्डेच घ्यावीत आणि टपालखर्च, विमा व सीमाशुल्क मिळून एकूण किती रक्कम होते हे बोलीपूर्वीच तपासावे.

जपणूक आणि नोंदवही

सुटे कार्ड आधी मऊ पारदर्शक पाकिटात आणि मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या टणक प्लॅस्टिकच्या कवचात ठेवावे. पाकिटाशिवाय थेट टॉपलोडरमध्ये सरकवल्यास कडा घासतात. अल्बमची पाने पीव्हीसीमुक्त आहेत याची खात्री करावी, कारण जुन्या प्रकारची पाने कालांतराने चिकट होऊन छपाई खराब करतात. आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास असावी. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात हे आपोआप घडत नाही, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा व पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. स्लॅब हवाबंद नसतो, तेव्हा स्लॅबमधील कार्डांनाही हाच नियम लागू आहे. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट टाळावे. कार्ड भिंतीवर लावायचेच असेल, तर त्याची रंगीत प्रत लावावी.

टी-२०६ सारखी कार्डे पूर्वी वहीत चिकटवलेली असत, त्यामुळे काहींच्या पाठीवर कागद राहिलेला असतो. शुद्ध पाण्यात भिजवून तो सोडवण्याची पद्धत अनेक संग्राहक मान्य करतात, पण नवख्याने हा प्रयोग फाटक्या, स्वस्त कार्डावरच करावा. रसायने, खोडरबर किंवा चुणी दाबण्यासाठी इस्त्री यांना हात लावू नये.

शेवटी नोंदवही. प्रत्येक कार्डाचे वर्ष, संच, क्रमांक, पाठीचा प्रकार, खरेदीची तारीख, शुल्कासह किंमत आणि उघड्या डोळ्यांना दिसलेले प्रत्येक वैगुण्य त्यात लिहावे आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे जोडावीत. विम्यासाठी ती लागते, वारसांना ती लागते, आणि दोन वर्षांनी एखादी नवी चुणी दिसली, तर ती आधीपासून होती की आपल्या हातून पडली हेही त्या नोंदीवरूनच कळते. खेळाडूबद्दल चार ओळी लिहायला त्याच पानावर जागा सोडावी. माझ्या वहीत क्लेमेंटेच्या पानावरची ती जागा केव्हाच भरून गेली असून पुढची दोन पाने जोडावी लागली आहेत.